राब केवढा भाजायचा

दादा, तू गेलास तेव्हा नागलीचं रोप वीतभर होतं. तुझे दिवस घालायची वेळ आली तोवर ते पोटरीच्या वर गेलं, आणि घरात सुतक म्हणून कोणी त्याला हात लावायचा नव्हता. पाऊस यायचा, थांबायचा, कोवळं ऊन पडायचं, पुन्हा पाऊस यायचा. मी ओट्यावर बसून भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायचे आणि खाली राबाकडे बघायचे. रडू यायला हवं होतं, पण मला तुझा राग येत होता. एवढा मोठा राब कशाला भाजलास, हे मी तुला उन्हाळ्यातच विचारलं होतं.

तू ऐनाच्या डहाळ्या तोडून आणल्या होत्यास. त्यावर शेण, पाला, गवत, वरून बारीक माती, असे थर देत होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेटवायचा, पावसाच्या तोंडावर त्या भाजलेल्या जमिनीत नागली पेरायची, रोप झालं की उपटून वर माळावर लावायचं. जव्हारच्या शाळेत हे सगळं मी मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. त्यामुळे केवढ्या राबाला केवढा माळ लागतो आणि केवढ्या माळाला किती हात, हा हिशेब मला तुझ्याइतकाच येतो. तू आख्खा माळ भरेल एवढा राब घातला होतास. घरात हात होते तुझे आणि वहिनीचे.

मी म्हटलं, लावणार कोण? तू म्हणालास, येतील. मी म्हटलं, कोण येतील, एक नाव सांग. तू डोक्यावरचा भारा खाली टाकलास, टॉवेलनं तोंड पुसलंस आणि म्हणालास, "राब लहान भाजला ना बाय, तर ज्याला यायचा हाय तो पन नाय येनार."

मला ते अडाणीपणाचं वाटलं आणि तसं मी बोलून दाखवलं. तू हसलास. मास्तरीणबाई रागावल्या, असं वहिनीला ओरडून सांगितलंस. तुझी ही खोडच होती. हरायला लागलास की मला मास्तरीण म्हणायचास आणि विषय तिथंच मिटवायचास.

पण विषय मिटला नव्हता. पाड्यावर फोनला रेंज नाही, म्हणून तू टेकाडावरच्या त्या रेंजच्या दगडावर चढून मला फोन करायचास, आणि बोलायचास असा मोठ्यानं की फोन नसता तरी जव्हारला ऐकू आलं असतं. आपलं भांडण आख्खा पाडा ऐकायचा. शेवटचा फोन आला तेव्हा रोप चांगलं उगवलं होतं. फार दाट आलंय, मखमल आहे, बघायला ये, म्हणालास. मी बघायला येते म्हणायचं सोडून पुन्हा तेच काढलं. यंदा खालचं भाताचं खाचर तेवढं लाव, माळ पडू दे, जिवापेक्षा नागली मोठी नाही. तू म्हणालास, बॅटरी चालली, ठेवतो. त्या दगडावरून मला आलेला पुढचा फोन पाड्यातल्या रावजीकाकांचा होता. छातीत दुखतं म्हणून बांधावर टेकलास तो उठलाच नाहीस, एवढं त्यांनी सांगितलं. बाकी सगळं मी आल्यावर बघितलं.

तू ज्यांची वाट बघत होतास त्यांना मी काही नावं ठेवत नाही. हे मी तुला जिवंतपणी सांगितलं, आताही सांगते. आपल्या लहानपणी दिवाळी झाली की पाडा वीटभट्टीवर जायचा आणि पावसाआधी परत यायचा. घरं बंद असायची ती उन्हाळ्यापुरती. मग भट्टीवरून कोणी भिवंडीच्या गोदामात लागलं, कोणी वाड्याच्या कारखान्यात, आणि त्या कामाला पावसाळ्याची सुट्टी नसते. आठवडाभर सावडीला, एकमेकांच्या लावणीला, गेलो म्हटलं तर तिथला मुकादम दुसरा माणूस घेतो. उन्हाळ्यात इथं विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरायचं, तिथं नळ येतो. पोरांची शाळा तिथं आहे. हातात मोबाइल, महिन्याला पगार, पावसावर नजर लावायला नको. जाणाऱ्याचं चुकलं कुठं? तुझ्या पोराचं, विलासचं तरी काय चुकलं? तू म्हणायचास, चुकलं कोणाचंच नाही आणि माळ मात्र पडला.

सावड आठवते तुला? आज सगळे आपल्या माळावर, उद्या आपण त्यांच्या. एका रांगेत सगळा पाडा वाकलेला, पुढं नांगर, मागं बाया रोप टाकत, आणि तू मधेच गाणं उचलायचास, तेही बेसूर. मी एकदा रांग वाकडी लावली म्हणून तू सगळ्यांसमोर माझं रोप उपटून पुन्हा लावलंस. मी तुझ्या पाठीवर चिखलाचा गोळा मारला होता. आई तेव्हा मला बोलली, तुला नाही बोलली.

आणि आपल्या पाड्याची ती एक रीत. उपटलेलं रोप रात्रभर बांधावर ठेवायचं नाही. उपटलं ते त्याच दिवशी मातीत गेलं पाहिजे, आणि त्या दिवशी पाड्यात जो कोणी असेल त्यानं उतरायचं, पाहुणा असला तरी. मला बघायला पाहुणे आले तेव्हा नेमकी आपली लावणी चालू होती. तू त्यांना चहासुद्धा विचारला नाहीस, सरळ माळावर नेलंस. इस्त्रीचे कपडे घातलेली ती चार माणसं तुझ्या शिव्या खात नागली लावत होती. त्यातला एक अजून माझा नवरा आहे आणि आमचं काही बिनसलं की अजून ती गोष्ट काढतो.

हे सगळं मी लिहितेय कारण तुझ्या दिवसाला जे झालं ते याच रीतीमुळं झालं.

विलास तू गेलास त्याच रात्री भिवंडीहून आला होता. नंतर कामावर जाऊन यायचा, पण आईला सोडून त्याचा जीव तिथं लागत नव्हता. एकदा आला तो पिशवीतून नवीन कुलूप घेऊन आला, खोक्यासकट. मला बाजूला घेऊन म्हणाला, आत्या, दिवसाला माणसं येतील त्याच गाडीनं आईला नेतो. खोली लहान आहे पण निभेल. मी म्हटलं, बरोबर आहे. वहिनीचे गुडघे गेलेत, उन्हाळ्यात विहिरीवरून हंडा कोण आणेल, रात्री काही झालं तर गाडी कुठून मिळेल? तुझ्यासाठी तरी कुठं मिळाली? मी विलासच्या बाजूची होते दादा. तू असतास तरी मी हेच म्हटलं असतं.

वहिनीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तुला माहीत आहे ती कशी आहे. तू आणि मी तोंडानं भांडायचो, आणि ती तोवर काम उरकून मोकळी व्हायची. कुलपाचं खोकं भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं. ती तिथून दिवा काढायची तेव्हा खोकं बाजूला सरकवायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची.

तुझ्या दिवसाच्या सकाळी मला जाग आली तर वहिनी घरात नव्हती. पाऊस भुरभुरत होता. मी ओट्यावरून बघितलं तर ती राबात बसली होती, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, आणि दोन्ही हातांनी रोप उपटत होती. अर्धा राब मोकळा झाला होता. बांधावर जुड्यांची ओळ लागली होती.

मी धावत गेले. म्हटलं, वहिनी, सुतक फिटलं नाही अजून. ती वर न बघता म्हणाली, "ठाऊक हाय."

मी म्हटलं, आज लोक येतील ते जेवून जातील, दुपारनंतर गाड्या निघणार, हे एवढं कोण लावणार? ती म्हणाली, "ठाऊक हाय बाय. जरा सरक, तुझा पाय रोपावर पडला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आज पाडा भरणार होता. भिवंडी, वाडा, नाशिककडचे द्राक्षमळे, जिथून तिथून माणसं तुझ्यासाठी येणार होती, एकाच दिवसासाठी. आणि उपटलेलं रोप बांधावर ठेवून आपल्या पाड्यातून कोणी जात नाही. दिवसाच्या आधी रोपाला हात लावला म्हणून म्हातारी माणसं उठून गेली असती, तर तुझं कार्य तसंच राहिलं असतं. लावणी झाली नसती तर ते सगळं रोप दुपारच्या उन्हात मान टाकून मेलं असतं, आणि वहिनीच्या वर्षाची भाकरी त्याच्यासोबत. तिनं सगळंच पणाला लावलं होतं आणि खाली मान घालून जुड्या बांधत होती.

मी विलासच्या बाजूची होते, हे पुन्हा सांगते. तरी मी साडी खोचली आणि तिच्याशेजारी बसले. का बसले ते मला अजून सांगता येत नाही. ऊन वर येईतो राब मोकळा झाला.

पहिली गाडी आली. त्यातून माणसं उतरली ती धुतलेल्या कपड्यांत, बायांच्या केसांना तेल, पोरांच्या पायात बूट. त्यांनी बांध बघितला आणि बोलणं थांबलं. रावजीकाका सगळ्यात मोठे, तुझं कार्य तेच करणार होते. ते काठी टेकत बांधापर्यंत गेले, एक जुडी उचलली, तिच्या मुळांची माती बघितली, पुन्हा ठेवली. कोणीतरी म्हातारी पुटपुटली की हे बरं नाही, मेलेल्या माणसाचं अजून पाणीसुद्धा झालं नाही.

विलास आईसमोर जाऊन उभा राहिला. तो रागानं लाल झाला होता. म्हणाला, "आय, ह्या कशाला केला?"

वहिनी म्हणाली, "तुझ्या बानं पेरलेला. वाढला म्हनून उपटला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताला राबाची काळी माती होती. तो मला चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

मग रावजीकाका म्हणाले, "कार्य आधी. जेवन मागून. रोप थांबनार नाय." एवढं बोलून ते चालायला लागले. म्हातारी अजून कुरकुरत होती, पण तीही त्यांच्या मागं गेली. तुझं कार्य इतक्या घाईत झालं की तूच हसला असतास. रावजीकाका तुझं नाव घेत होते आणि त्यांची नजर ढगांवर होती. शेवटचं पाणी सोडलं आणि ते तसेच उठून आपली बैलजोडी आणायला गेले. पाड्यात आता तेवढीच एक जोडी उरलीय.

दादा, आख्खा माळ भरला होता. बापयांनी विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या. गोदामात खोकी उचलणाऱ्या पोरांच्या कमरा वाकायला तयार नव्हत्या. शहराकडून लग्न करून आलेल्या दोन सुनांनी कधी नागलीचं रोप बघितलं नव्हतं, त्यांना रावजीकाका मूठ कशी धरायची ते दाखवत होते. एकीनं आधी फोटो काढला आणि मग चप्पल काढली. सुरुवातीला कोणी बोलत नव्हतं, दिवसाचं घर म्हणून. मग एका पोराची रांग वाकडी गेली आणि मागून कोणीतरी म्हणालं की आज तो असता तर उपटून पुन्हा लावलं असतं. सगळे हसले आणि मग सगळ्यांनाच रडू आलं. मला तेव्हा पहिल्यांदा नीट रडता आलं. वाकलेली होते म्हणून कोणाला दिसलं नाही.

गाडीवाल्याला घाट उजेडी उतरायचा होता. त्यानं हॉर्न वाजवला. कोणी वळून बघितलं नाही. पुन्हा वाजवला. बांधावर अजून जुड्यांचा ढीग होता आणि आभाळ भरून आलं होतं. एकाला पाळीवर हजर व्हायचं होतं, तो सारखा मोबाइल बघत होता, पण हात चालू होते. तुझा विलास सगळ्यात जोरात लावत होता. त्याला आईला वेळेत गाडीत बसवायचं होतं. मातीत बोटं खुपसायचा ती जणू भांडणच काढतोय अशी. पण रांग सरळ होती दादा, तुझ्यासारखी.

शेवटची जुडी वहिनीनं लावली. विलासनं तिला हाताला धरून उठवलं. गाडी चालू झाली होती, सगळे भराभर चढत होते, अंगावरची माती तशीच. तो म्हणाला, आय, चल, तुझी पिशवी मी टाकलीय गाडीत.

वहिनीनं त्याच्या तोंडावरची माती पदरानं पुसली. म्हणाली, "एवढा लावला तो कोनासाठी मग? तन निघेल, डुकरा येतील. राखायला नको कोन?"

तो खूप बोलला. बाबा गेले तेव्हा तू एकटी होतीस, तुलाही असंच बांधावर सापडायचं का, असंही बोलला. खरं होतं ते, म्हणून ऐकवत नव्हतं. मी मधे पडले नाही. कोणाच्या बाजूनं पडणार होते? वहिनी नुसती उभी होती, घोट्यापर्यंत मातीत. शेवटी त्यानं गाडीतून पिशवी काढून आणली आणि तिच्या पायाशी ठेवली. घरात गेला, देवळीतलं कुलूप खोक्यातून काढलं, किल्ली त्यातच लावून पुन्हा तिथं ठेवलं. लागेल तेव्हा फोन कर, म्हणाला. गाडी खिंडीतून वळेपर्यंत तो मागं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. पाडा पुन्हा रिकामा झाला होता. माळावरचं रोप मान टाकून पडलं होतं, लावल्यावर पडतं तसं. मी वहिनीला म्हटलं, दादा म्हणत होता ते खरं झालं, मोठा राब होता म्हणून माणसं उतरली. तुला बरं वाटेल म्हणून म्हटलं असेल, की मला.

वहिनी चहात फुंकर घालत म्हणाली, "तुझा भाऊस मेला म्हनून आली ती. पुढल्या साली कोनाला मारू?"

मला हसू फुटलं. तीही हसली, तोंडाला पदर लावून. मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडताना जे मला धड मांडता आलं नव्हतं, ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं. पुढच्या वर्षी कार्य नसेल. गोदामं असतील, पाळ्या असतील, नळाचं पाणी असेल. रावजीकाकांची जोडी असेल की नाही ते तेही सांगत नाहीत. माळ तेवढाच असेल.

तुझं चुकलं होतं दादा. एवढा राब दोन माणसांच्या घरात भाजायचा नसतो, हे मी आजही म्हणते. आणि तू तो भाजला नसतास तर त्या दिवशी माणसं जेवून, हात धुवून निघून गेली असती आणि वहिनी त्यांच्यासोबत गाडीत बसली असती. ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींशेजारी बसत नाहीत. तू असतास तर तुझ्यावर ओरडून मोकळी झाले असते. तू मला वाकडी रांग सरळ करायला शिकवलंस, आणि भांडून झाल्यावर त्याच ताटात जेवायलाही तूच शिकवलंस. त्यासाठी कधी तुझे आभार मानले नाहीत. तू मानू दिले नसतेसच, मास्तरीण म्हणाला असतास.

मी जव्हारला परत आले. शाळा सुरू आहे. काल मधल्या सुट्टीत फोन वाजला. रेंजच्या दगडावरून वहिनी बोलत होती. त्या गुडघ्यांनी ती टेकाडावर कशी चढली कोण जाणे. तीही तुझ्यासारखीच ओरडून बोलायला लागली आहे. रोप उभं राहिलं, म्हणाली. वरच्या अंगाचं थोडं गेलं, बाकी सगळं उभं आहे, हिरवंगार. विलासचाही फोन आला होता, भांडला नाही, रोप कसं आहे तेवढं विचारलं.

मला इतकं बरं वाटलं की मी नको तो विषय काढला. म्हटलं, वहिनी, पुढच्या साली राब अर्धाच भाजायचा हं. ती म्हणाली, तेवढाच भाजायचा. मी म्हटलं, लावणार कोण? ती म्हणाली, अर्ध्याला तरी कोण आहे? मी म्हटलं, म्हणूनच सांगते ना. आमचा आवाज चढला. शिक्षकांच्या खोलीतली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मी पुढं काही बोलणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, बॅटरी चालली, ठेवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की डहाळ्या तोडायला मी येते, एवढं सांगायचं होतं. ते राहूनच गेलं.